यूकेतली ए२ बाईक: ३५ किलोवॅटचा रेस्ट्रिक्टर काढणं कायदेशीर आहे का?

रेडिंगकर
जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. भाचा २१ चा होतोय, ए२ लायसन्सला (मधल्या ताकदीच्या बाईकचं) पुढच्या महिन्यात दोन वर्षं पुरी होतील. बाईक यामाहा एमटी-०७, २०२१ चं मॉडेल. पूर्ण ताकदीची गाडी घेऊन डीलरकडून ३५ किलोवॅटवर रेस्ट्रिक्ट करून (ताकद मर्यादित करून) घेतली आहे, सर्टिफिकेट आहे. प्रश्न असे:
१) दोन वर्षं झाली की रेस्ट्रिक्टर काढायची मोकळीक आपोआप मिळते का?
२) नाही मिळत आणि तरी काढून चालवली, तर नक्की कोणता गुन्हा?
३) विम्याचं काय होतं?
४) काढायचं काम घरी होतं की डीलरकडेच?
"काढणं बेकायदा नाहीच" असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटलेत, कलम मात्र कुणी सांगत नाही.

थ्रॉटलबॉडी
छातीठोकवाले अर्धं बरोबर सांगतात, पण उरलेलं अर्धंच महागात पडतं. गॅरेजमध्ये पान्याने रेस्ट्रिक्टर काढला म्हणून कुणी पकडत नाही. ती गाडी ए२ लायसन्सवर रस्त्यावर आणली की गुन्हा होतो. गाडी तीच, पण पूर्ण ए (ताकदीची मर्यादा नसलेल्या) लायसन्सवाल्याने चालवली तर सगळं कायदेशीर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ "नाही". हा गैरसमज जुन्या नियमातून आलाय. १९ जानेवारी २०१३ च्या आधी ३३ बीएचपीची (२५ किलोवॅट) मर्यादा होती आणि दोन वर्षं झाली की ती आपोआप उठायची. त्या तारखेला युरोपचे नवे वर्ग लागू झाले आणि यूकेत ए२ वरून ए वर जायला प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागू लागली: मॉड १ (बंद आवारातली) आणि मॉड २ (रस्त्यावरची), दोन्ही, मोठ्या बाईकवर. दोन वर्षांनी फक्त २४ ऐवजी २१ व्या वर्षी परीक्षेला बसायचा हक्क मिळतो. चोविशी ओलांडली तरी परीक्षा चुकत नाही. दहा वर्षं ए२ वर काढली तरी लायसन्स ए२ च राहतं.

आता ए२ च्या अटी. तीन आहेत, बहुतेकांना एकच माहीत असते.

ताकद जास्तीत जास्त ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ बीएचपी. ताकद आणि वजनाचं प्रमाण किलोमागे ०.२ किलोवॅटच्या आत, म्हणजे पूर्ण ३५ वापरायचे तर गाडी निदान १७५ किलोची हवी. १६० किलोच्या गाडीला ३२ च्या वर जाता येत नाही. एमटी-०७ भरल्या टाकीसह १८४ किलो, ३५ भागिले १८४ म्हणजे ०.१९, बसते. तिसरी अट मूळ गाडीची: रेस्ट्रिक्ट करण्याआधी तिची ताकद दुपटीहून जास्त, म्हणजे ७० किलोवॅटच्या वर असता कामा नये. एमटी-०७ मुळात ५४ ची, म्हणून चालते. होंडा सीबी६५०आर ७० ची, अगदी काठावर. नेहमीची कावासाकी झेड९०० ९२ ची, तिला ३५ वर आणली तरी ती ए२ होत नाही. म्हणून तर कावासाकीने युरोपात झेड९०० ची वेगळी ७० किलोवॅटची आवृत्ती काढली. "रेस्ट्रिक्ट करून देतो" म्हणत एमटी-०९ गळ्यात मारणारे विक्रेते असतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

कलमवाला
दुसऱ्या प्रश्नापुरतं. कायदा रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट १९८८.

कलम ८७: लायसन्समध्ये नसलेल्या वर्गाचं वाहन रस्त्यावर चालवणं. दंड १,००० पौंडांपर्यंत, लायसन्सवर ३ ते ६ पॉइंट (गुन्ह्याचे गुण) पडू शकतात.

कलम १४३: विम्याशिवाय वाहन वापरणं. खरी धोंड इथे आहे. जागेवरच मिटलं तर ३०० पौंड आणि ६ पॉइंट. कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही, ६ ते ८ पॉइंट, आणि लायसन्स काही काळ काढूनही घेता येतं. या गुन्ह्याचा कोड आयएन१०, गुन्ह्याच्या तारखेपासून चार वर्षं लायसन्सवर राहतो. विमा कंपन्या बहुधा पाच वर्षांचा इतिहास विचारतात.

कलम १६५ए: लायसन्स किंवा विमा नसल्याचा वाजवी संशय असला तर पोलीस गाडी जागेवर जप्त करू शकतात.

याच्या जोडीला १९९५ चा न्यू ड्रायव्हर्स अ‍ॅक्ट. पहिलं पूर्ण लायसन्स मिळाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द. मग प्रोव्हिजनलपासून (शिकाऊ लायसन्स), थिअरीसकट सगळं पुन्हा, आणि कारचंसुद्धा जातं. भाच्याची ती दोन वर्षं संपत आली आहेत, पण ए२ नुकतंच मिळालेल्यांनी हे वाचून ठेवावं: एका आयएन१० मध्येच खेळ खलास.

अजून एक. "खाजगी जागेत चालवतो" हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही. कलम ८७ फक्त रस्त्यापुरतं आहे, पण १४३ मध्ये "रस्ता किंवा इतर सार्वजनिक जागा" आहे. सुपरमार्केटचा कार पार्क त्यात येतो.

दुसरा_गिअर
कलमवाला, तुमच्याच कायद्यातलं कलम १४८ काय म्हणतं? वाहनाची हॉर्सपॉवर किंवा सीसी यावरून पॉलिसीत घातलेली बंधनं तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरती निष्प्रभ ठरतात. मग जास्त हॉर्सपॉवर झाली म्हणून विमाच नव्हता असं कसं म्हणता येईल?

कलमवाला
मुद्दा चांगला आहे, आणि कलमही बरोबर काढलंत. १४८(२) च्या यादीत चालकाचं वय, वाहनाची अवस्था, हॉर्सपॉवर, सीसी, किंमत हे सगळं आहे. पण त्या यादीत लायसन्स नाही. पॉलिसीच्या सर्टिफिकेटवर "चालकाकडे असं वाहन चालवण्याचं लायसन्स असावं" अशी अट असते. रेस्ट्रिक्टर काढला की भाचा त्या अटीवर पडतो, हॉर्सपॉवरच्या अटीवर पडायची वेळच येत नाही.

विमा_डेस्क
कलमवाल्यांशी सहमत, त्यात थोडी भर. लोकांची समजूत असते की विमा फेटाळला की कंपनी एक पैसाही देत नाही. तिऱ्हाइताच्या बाबतीत तसं होत नाही. कलम १५१ प्रमाणे चालकाचं लायसन्स योग्य नसलं तरी कोर्टाने ठरवलेली जखमीची भरपाई कंपनीला द्यावी लागते. नंतर ती रक्कम ती चालकाकडून वसूल करू शकते. कुणाला कायमची इजा झाली तर तो आकडा गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो, आणि तो एकवीस वर्षांच्या मुलाच्या मागे लागतो.

स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी यांना २०१२ चा ग्राहक विमा कायदा लागतो. विमा घेताना किंवा नूतनीकरण करताना विचारलेल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर निष्काळजीपणे दिलं असेल तर दावा प्रमाणात कापला जाऊ शकतो: हप्ता ६०० घेतला आणि खरी माहिती असती तर ९०० लागला असता, तर दाव्याचे दोन तृतीयांशच हातात. जाणूनबुजून लपवलं असेल तर कंपनी पॉलिसी मुळापासून रद्द करू शकते, हप्ता परत न देता. "३५ किलोवॅट" असं लिहून घेतलेल्या पॉलिसीवर पूर्ण ताकदीची गाडी चालवणं निष्काळजीपणात बसवणं फार कठीण.

आणि कृपा करून "गाडी तर कंपनीच्या मूळ स्थितीतच आणली, मग मॉडिफिकेशन कसलं?" हा युक्तिवाद करू नका. विमा ज्या गाडीचा उतरवला ती ३५ ची होती. तिच्यात झालेला बदल कळवावाच लागतो.

नवा_सभासद_५५
पण पोलिसांना रस्त्यावर कळणार कसं? बाहेरून तर दोन्ही गाड्या सारख्याच.

थ्रॉटलबॉडी
रस्त्यावर थांबवल्यावर बहुधा कळत नाही, हे खरं. पण गंमत उलटी आहे. भाच्याची गाडी मुळात पूर्ण ताकदीची नोंदलेली असल्याने व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) वर पी.२ (इंजिनाची ताकद) रकान्यात ५४ च्या आसपासचाच आकडा असणार, म्हणजे रेस्ट्रिक्ट केलेली असूनही कागदावर ती बेकायदा दिसते. म्हणून सर्टिफिकेट सीटखाली हवंच. आणि ते खिशात ठेवून रेस्ट्रिक्टर काढलेली गाडी चालवली तर चुकून झालं म्हणायचीही सोय राहत नाही.

मोठ्या अपघातानंतर मात्र गाडी तपासायला जाते. थ्रॉटल स्टॉप आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं, ईसीयूतला (इंजिनाच्या कंट्रोल कॉम्प्युटरमधला) मॅप वाचता येतो.

स्पॅनर_आणि_चहा
चौथा प्रश्न, यांत्रिक बाजू. आधी डीलरचं जुनं बिल काढा आणि नक्की काय बसवलं होतं ते वाचा. साधारण तीन प्रकार असतात.

थ्रॉटल स्टॉप. केबलच्या थ्रॉटलवर एक धातूचा तुकडा किंवा बदललेला ड्रम, त्यामुळे बटरफ्लाय (हवेची झडप) पूर्ण उघडत नाही. काढायला सोपा. पण टाकी उचलावी लागते, एअरबॉक्स सोडवावा लागतो, आणि केबल पुन्हा बसवताना खेळ चुकतो. मुठीपाशी ३ ते ५ मिलिमीटर ढिलाई ठेवायची. मग इंजिन आयडलवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवायचं. आरपीएम वाढला तर केबल ताणली जातेय, वळणावर गाडी आपणहून पळेल. थ्रॉटल बॉडीवर रंगाचा ठिपका मारलेला स्क्रू असेल तर त्याला हात लावू नका. तो कारखान्यात लावलेला असतो, तो हलला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्य बिंदू सरकतो आणि आयडल कधीच नीट बसत नाही.

वॉशर. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत कार्ब आणि इनटेक रबराच्या मध्ये भोकाची चकती. ती काढल्यावर रबराची क्लॅम्प नीट घट्ट झाली नाही तर हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं. खुणा: आयडल वरखाली होतो, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट. रबराच्या जोडावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारून पाहा. आवाज बदलला तर गळती तिथेच. चकती घालताना जेट बदलले होते का तेही बघा. बदलले असतील तर जुने परत घालावे लागतात.

ईसीयू मॅप. इथे घरी काही करण्यासारखं नाही. डीलर स्वतःच्या सॉफ्टवेअरने करतो. बाहेरचे ट्यूनर फ्लॅश करून देतात, पण पुढे डीलरकडे सर्व्हिसमध्ये नवं सॉफ्टवेअर चढलं की तो फ्लॅश पुसला जाऊ शकतो, आणि वॉरंटीचा वाद वेगळाच. एमटी-०७ ला २०२५ पासून केबल जाऊन इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आलं, त्यामुळे नव्या गाडीत सगळा मामला सॉफ्टवेअरचा.

काढण्याआधी हेही बघून घ्या की मिळणार काय. किलोवॅट म्हणजे टॉर्क (न्यूटन मीटर) गुणिले आरपीएम भागिले ९,५४९. एमटी-०७ ला ५,५०० वर समजा ६० न्यूटन मीटर मिळाले, तर झाले ३४.६ किलोवॅट. म्हणजे शहरात जिथे गाडी चालते त्या टप्प्यात रेस्ट्रिक्टर जवळपास जाणवतच नाही. फरक पडतो तो त्याच्या वर, मोटरवेवर ओव्हरटेक करताना. तेवढ्यासाठी आयएन१० घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कॅफे_रेसर
एक उलटा प्रश्न. होंडा सीबी५००एफ मुळातच ३५ ची, रेस्ट्रिक्टर नाहीच. तिला फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि रीमॅप केला तर?

स्पॅनर_आणि_चहा
तर ती ३५ च्या वर जाऊ शकते, आणि गेली की ए२ मधून बाहेर. रेस्ट्रिक्टर काढला नाही म्हणून सुटका नाही, कायदा ताकदच बघतो. नुसता स्लिप-ऑन सायलेन्सर, मॅप मूळचाच, तर फरक सहसा नगण्य असतो. पण विम्याला तोही सांगायचा. आणि डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ३३ आले म्हणून निर्धास्त होऊ नका. डायनो मागच्या चाकावर मोजतो, चेन आणि गिअरबॉक्समध्ये काही ताकद खर्च झालेली असते. कायद्यातला आकडा इंजिनाचा आहे.

टू_स्ट्रोक
धागा ए२ चा आहे, पण सीबीटीवर (शिकाऊंच्या सक्तीच्या प्राथमिक प्रशिक्षणावर) १२५ चालवणारी मुलं हे वाचतील म्हणून. तिथे मर्यादा १२५ सीसी, ११ किलोवॅट, किलोमागे ०.१. चार-स्ट्रोक १२५ (वायझेडएफ-आर१२५, ड्यूक १२५) मुळातच ११ च्या आसपास देतात, त्यांत काढण्यासारखं काही दडवलेलं नसतं. "डीरेस्ट्रिक्शन किट" म्हणून जे विकतात ते पैसे पाण्यात.

जुन्या टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी. एप्रिलिया आरएस१२५ मोकळी केली की तिशीच्या आसपास हॉर्सपॉवर देते. एक्झॉस्टच्या तोंडातला वॉशर काढायचा, पॉवर व्हॉल्व्ह चालू करायचा, आणि मेन जेट वाढवायचा. हे तिसरं विसरतात. एक्झॉस्ट मोकळा आणि जेट जुना म्हणजे मिश्रण पातळ, पिस्टन तापतो आणि भर वेगात जॅम होतो. मागचं चाक लॉक. क्लचवर दोन बोटं ठेवायची सवय टू-स्ट्रोकवाल्यांना उगाच लागलेली नाही. अर्थात अशी गाडी सीबीटीवर चालवणं म्हणजे पुन्हा ८७ आणि १४३.

पन्नास सीसीच्या मोपेडचंही तेच. व्हेरिएटरमधली रिंग, सीडीआय, एक्झॉस्टची चिमटी. काढली की गाडी ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाते आणि कायद्याने मोपेड उरतच नाही. सोळा वर्षांच्या मुलाकडे तिचं लायसन्स असूच शकत नाही.

मेलबर्नवाले
ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांचं ऐकून इथे निर्णय घेऊ नका, हिशेबच वेगळा आहे. आमच्याकडे लॅम्स (नवशिक्यांना चालणाऱ्या बाईकची योजना): ६६० सीसीपर्यंत आणि टनामागे १५० किलोवॅट, त्यात गाडीच्या वजनात स्वाराचे ९० किलो धरतात. १८० किलोच्या गाडीला २७० धरून ४०.५ पर्यंत मुभा. इथली लॅम्स एमटी-०७ तर ६५५ सीसीची आहे, तुमची ६८९. म्हणजे आमच्या गाडीचा रेस्ट्रिक्टर काढला तरी ती तुमच्याइतकी होत नाही. उलट जुन्या काळी २५० सीसीखाली म्हणून नवशिक्यांना चालणारी सुझुकी आरजीव्ही२५०, होंडा एनएसआर२५० लॅम्सने बाहेर काढल्या.

चाकणकर
अवांतर: ए२ शोधणाऱ्यांनी काही काढायचीच गरज नसलेल्या गाड्या बघाव्यात. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० साधारण ३५ च्या काठावर आणि २०० किलोंच्या वर, रेस्ट्रिक्टरशिवाय ए२. केटीएम ३९० आणि ट्रायम्फ स्पीड ४०० तर आमच्या चाकणहून येतात.

भारतात ए२ सारखं काही नाही. जवळचा प्रकार म्हणजे २५० वॅट, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या इलेक्ट्रिक स्कूटर, ज्यांना नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. कंट्रोलरमधली एक वायर बदलून वेग वाढवला की केंद्रीय मोटार वाहन नियम २(यू) ची सूट गेली, ती विनानोंदणीची मोटार झाली. शिवाय असा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२ए(४) खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लेस्टरची_लेक
नवऱ्याचं वय ३४, पुण्याचं लायसन्स, इथे येऊन सात महिने झाले. त्याला हे ए२ वगैरे लागू होतं का?

कलमवाला
नाही, ताई. भारतीय लायसन्सवर मोटरसायकलचा वर्ग असेल तर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिने त्यावर कोणतीही बाईक चालवता येते. नंतर नाही. भारताचं लायसन्स बदलून मिळत नाही, प्रोव्हिजनल काढून सुरुवातीपासून जावं लागतं. वय २४ च्या वर असल्याने ते थेट पूर्ण ए ची परीक्षा देऊ शकतात. पाच महिने हातात आहेत, सीबीटी आणि थिअरी आत्ताच उरकून घ्या.

मॉड२_पास
रेडिंगकर, भाच्यासाठी क्रम लिहितो.

रेस्ट्रिक्टर तसाच ठेवून मॉड १ ची तारीख घ्या. शुल्क १५.५० पौंड, मॉड २ चं कामाच्या दिवशी ७५. ए ची परीक्षा द्यायची बाईक निदान ५० किलोवॅट, ५९५ सीसी आणि १७५ किलोची हवी. ती ट्रेनिंग स्कूलची घ्या. स्वतःची एमटी-०७ मोकळी केली तर ती या मापात बसते, पण सेंटरपर्यंत न्यायची कशी? सरावासाठी रेडिओवर बोलणारा प्रमाणित प्रशिक्षक सोबत लागतो. एकट्याने चालवत नेली तर परीक्षेच्या दारातच गुन्हा.

मॉड १ मध्ये अचानक ब्रेक आणि अडथळा चुकवणं ताशी ५० किलोमीटरला असतं. ३५ किलोवॅटच्या सवयीने थ्रॉटल पिळला तर मोठी बाईक वेगमापकापाशी वेगाने पोचते आणि पुढे थांबायची जागा कमी पडते. दोन तास तरी त्याच बाईकवर सराव हवा.

मॉड २ पास झाल्याचं सर्टिफिकेट हातात आलं की त्या क्षणापासून ए. मग आधी विमा कंपनीला फोन, नवा हप्ता आणि बदलाची लेखी पोच, मगच डीलरकडे गाडी. बिलावर "३५ किलोवॅट रेस्ट्रिक्शन काढले", तारीख आणि नंबर लिहून घ्या.

रेडिंगकर
सर्वांचे आभार, हाच क्रम ठेवतो. शेवटचं एक: काढलेला स्टॉप आणि जुनं सर्टिफिकेट फेकून द्यायचं का? पुढे गाडी ए२ वाल्याला विकायची झाली तर?

थ्रॉटलबॉडी
स्टॉप ठेवा, स्क्रूसकट पिशवीत, वर नंबर लिहून. जुनं सर्टिफिकेट मात्र गाडीबरोबर देऊ नका, त्यावर "रद्द" असं लिहून बिलाला टाचून ठेवा. पुढचा मालक ए२ वाला असेल तर त्याने नव्याने रेस्ट्रिक्ट करून नवं पत्र घ्यावं: लेटरहेडवर, गाडीच्या नंबरसह, मुख्य डीलर, अधिकृत आयातदार किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून. त्याला गाडी ए२ च्या परीक्षेला न्यायची असेल तरी हेच पत्र लागतं, डायनोचा कागद परीक्षक मानत नाहीत. एक्झॉस्टच्या तोंडातला रेस्ट्रिक्टर किंवा लपवलेला इग्निशन रेस्ट्रिक्टर असलेली गाडीही ते परत पाठवतात. बदलता येणारा ईसीयू चालतो, पण कोणत्या सेटिंगवर आहे ते स्पष्ट दिसलं पाहिजे.